थेमेलिना झाइरिस हिचे टेबल, घर आणि भाऊ यांची व्यवस्था

मी, थेमेलिना मिखाइल झाइरिस, वय सदुसष्ट, अविवाहित, राहणार नाइटक्लिफ, डार्विन, समुद्रकाठच्या कॅसिनोची निवृत्त गेमिंग मॅनेजर, हे मृत्युपत्र आज सकाळी कॉफी पिऊन, पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. मला काहीही झालेले नाही. येत्या गुरुवारी मी पोर्ट व्हिला या बेटावरच्या शहराला निघाले आहे. तिथल्या एका नव्या हॉटेलात जुगाराची टेबले सुरू होत आहेत आणि चाळीस मुलामुलींना डीलर म्हणून तयार करायला मला बोलावले आहे. मला, या वयात. बॅग चार दिवसांपासून भरून दाराशी उभी आहे. माझ्या वकील मेविस लो म्हणाल्या, "आधी मृत्युपत्र, मग विमान." म्हणून हा खटाटोप. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते.

१. अंत्यविधी आमच्या ग्रीक चर्चमध्ये व्हावा. शवपेटीत माझे हात छातीवर जोडून ठेवू नयेत. डीलर टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून दाखवतो, की बाबांनो, पाहा, काही उचललेले नाही. माझेही तळवे तसेच वर असावेत. पाद्रीबुवा कुरकुर करतील. करू द्यावी.

२. खांबांवरचे माझे राहते घर, आंब्याच्या झाडासकट, माझी भाची इरिनी हिला द्यावे. अट एकच: घराखालच्या मोकळ्या जागेतले रूलेटचे टेबल हलवू नये, आणि जो कोणी शिकायला येईल त्याला बारा आठवडे फुकट शिकवावे.

या अटीमागचे कारण लिहून ठेवते. १९८३ साली मी कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात होते. कॅसिनोला डीलर हवे आहेत असे वर्तमानपत्रात आले आणि माझी झोपच उडाली. शिकवणी घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. चिप्सऐवजी वडिलांच्या पटावरच्या सोंगट्या. एका हाताने वीस उचलायच्या आणि न बघता पाच-पाचचे ढीग पाडायचे. रूलेटमध्ये जिंकलेल्या आकड्यावरच्या प्रत्येक चिपेला पस्तीस द्यायच्या, दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपेला सतरा. आई पिठाच्या पोळ्या लाटता लाटता परीक्षा घ्यायची.

"सात आकड्यावर, चार रेघेवर. बोल."

"सात पस्तिसे दोनशे पंचेचाळीस, चार सत्रे अडुसष्ट. तीनशे तेरा."

"अडखळलीस."

"पण बरोबर आहे ना?"

"मला काय माहीत? मी कुठे शाळेत गेले? अडखळलीस एवढं कळलं. पुन्हा म्हण."

पस्तिसाचा आणि सतराचा पाढा मी आजही झोपेत म्हणते, असे शेजारीण ग्लेनिस सांगते. अशी आई प्रत्येकाला नसते. म्हणून ही अट.

३. बँकेतली शिल्लक, खेळ सुटता सुटत नाही अशांना मदत करणाऱ्या आमच्या गावातल्या केंद्राला द्यावी. यावर कोणी हसले तर हसू द्यावे. टेबलाच्या या बाजूला उभे राहून मी त्या माणसांचे चेहरे जितके पाहिले, तितके त्यांच्या बायकांनीही पाहिले नसतील.

४. श्री. कॉलिन रडकिन, माझे पूर्वीचे साहेब, यांनी मला तीन वेळा बढती नाकारली. म्हणाले, "बाईमाणसाला पैसेवाल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही." चौथ्या वेळी ते स्वतः सुट्टीवर होते, म्हणून मी मॅनेजर झाले. त्यांना माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. कॅसिनोत घड्याळ नसते. आपण किती वर्षे चुकत होतो हे त्यांना मोजता आले नसेल.

५. आता माझा भाऊ स्तामातिस. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मासेमार.

डीलरच्या लायसन्सच्या अर्जावर एक प्रश्न होता: आपल्या नात्यात कोणी बेकायदा जुगार चालवते काय? स्तामातिस दर शनिवारी होड्यांच्या शेडमागे फाशांचा डाव बसवायचा. मी दोन दिवस पेन हातात धरून बसले आणि 'होय' लिहिले. मला लायसन्स मिळाले, त्याला पोलीस भेटले. पुढची अकरा वर्षे तो रस्त्यात मला पाहून फूटपाथ बदलायचा. आई गेली तेव्हा कुठे तो एक वाक्य बोलला.

मग १९९९ सालचा एक रविवार, भर दुपार. मी मॅनेजर होऊन वर्षही झाले नव्हते. रूलेटवर स्तामातिस. जाळे ओढायचे यंत्र त्याने विकले होते, आता नावेचा नंबर होता, हे मला वहिनीकडून कळले होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"स्तामाती, ऊठ."

"थेमे, आज चाक माझ्या बाजूनं आहे."

"चाक कोणाच्याच बाजूनं नसतं. ऊठ."

"मी गिऱ्हाईक आहे इथला."

"म्हणून तर नीट बोलतेय. बहीण म्हणून आले असते तर आधी कानाखाली वाजवली असती."

त्याने हातातल्या चिप्स फेकल्या. सगळे टेबल थांबले. "आधी पोलीस पाठवलेस, आता दाराबाहेर काढतेस. मेलो तरी येऊ नकोस." त्याच्यावरच्या प्रवेशबंदीच्या कागदावर मी स्वतः सही केली. सही इतकी वेडीवाकडी आली की कारकुनाने विचारले, मॅडम, ही तुमचीच ना?

नाव वाचली. पण आमचे बोलणे पुन्हा तीन वर्षे बंद. एका ईस्टरला तो दारात आला, हातात भलामोठा मासा, मागे त्याची शाळकरी मुलगी, इरिनी. म्हणाला, "हिला तुझं काम शिकायचंय म्हणते. शिकव. माझ्यासारख्यांना उठवायलाही शिकव." आत आला नाही. माशाचे सार झाल्यावर मात्र आला.

गेल्या शुक्रवारी इरिनीला मॅनेजरचे लायसन्स मिळाले. मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले, हेही येथे नमूद करते.

या कलमात मी स्तामातिसला माझी गाडी देणार होते. परवा त्याला तसे सांगितले.

"खोड ते," तो म्हणाला.

"का? गाडी बरी नाही?"

"ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे. मेविसनं सांगितलं. मला साक्षीदार व्हायचंय."

"सही करायला कोणीही मिळेल रे."

"तू शुद्धीवर आहेस हे लिहून द्यायचं असतं ना? मग ते मीच देणार. आपल्या दोघांत शुद्धीवर नव्हतो तो मी. तू कायमच होतीस."

सबब गाडी विकून येणारी रक्कम कलम ३ मधील केंद्राला द्यावी. माझा भाऊ स्तामातिस मिखाइल झाइरिस यास मी, त्याच्याच आग्रहावरून, काहीही देत नाही.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

सही: थेमेलिना मि. झाइरिस
डार्विन, सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. लिहून देणारीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली असून ती पूर्ण शुद्धीवर आहे.

साक्षीदार:
१. ग्लेनिस हार्कर, शेजारीण
२. स्तामातिस मि. झाइरिस, भाऊ