शंभरातले चौतीस

७ एप्रिल, सोमवार
वर्गभर सोयाबीन! चौथीतली मंजुश्री डबाभर बी घेऊन आली. तिचे वडील मल्लिनाथ यंदा घरचंच बियाणं पेरणार आहेत. ते कितपत उगवेल, हे आपणच वर्गात बघू, असं ठरलं. पुस्तक मिटलं. शंभर दाणे मोजले. पुन्हा मोजले, कारण वीरेशने एक तोंडात टाकला होता. "कसं लागतंय बगितलं, बाई!"
लवकर मोड यावेत म्हणून दाणे बादलीत भिजत घातले — मटकी घालतो तसेच. उद्या ओल्या गोणपाटावर मांडायचे. मुलांचे चेहरे बघूनच पोट भरलं आज.

८ एप्रिल
दहा ओळी, ओळीत दहा दाणे. गोणपाट गुंडाळून सावलीच्या कोपऱ्यात ठेवलं. पाणी शिंपडायची पाळी कुणाची, यावरून वीरेश आणि सृष्टीची झोंबाझोंबी!
मुख्याध्यापक शेषेराव सर दारातूनच म्हणाले, "बाई, परीक्षा तोंडावर अन् तुम्ही शेती करून राहिलात!" मी म्हटलं, "पीक आलं की वाटा देते, सर." हसले. जाताना तांब्याभर पाणी आणून दिलं. या शाळेत आले हे माझं नशीबच.

१५ एप्रिल
आज गुंडाळी उघडली. चौतीस. शंभरातले फक्त चौतीस. बाकीचे फुगलेले, सालं सुटलेली, बुळबुळीत. मुलं नाक दाबून मोजत होती.
मंजुश्रीने वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली.
संध्याकाळी मल्लिनाथांचा फोन. "बाई, पोरीची वही बगितली. सत्तरच्या खाली आलं तर पेरू नये म्हणतेत. उद्याच औशाच्या मोंढ्यात व्यापाऱ्याला नेऊन घालतो सगळं. बियाणं नवं आणतो. लई उपकार झाले."
फोन ठेवला आणि डोळे भरून आले. शेतकऱ्याने लेकीच्या वहीवर विश्वास ठेवला! आणखी काय हवं मला?

१६ एप्रिल

शाळा सुटताना गावचे कृषी सहायक भेटले. मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ते थांबले. "भिजवलं? बादलीत? अहो बाई, सोयाबीनचं साल कागदासारखं असतं. पाण्यात टाकलं की दाणा एकदम फुगतो, फाटतो, कुजतो. कोरडेच दाणे ओल्या गोणपाटावर मांडायचे असतात."
म्हणजे बी खराब नव्हतं. मी ते खराब केलं. आणि आज माल मोंढ्यात जाणार! मल्लिनाथांचा फोन लागेना. स्कूटी काढली ती थेट त्यांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी. वाटेत एकच विचार — काढणीपासून जपलेलं चांगलं बियाणं माझ्या मटकीपायी तेलाच्या गिरणीत जाणार.
दारात मंजुश्रीची आजी, पार्वतम्मा. "बसा की आधी. पाणी प्या. मल्लिनाथ टेंपो बघायला गेलाय."
तेवढ्यात ते आलेच. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं — चूक माझी आहे, बियाणं विकू नका. ते माझ्याकडे बघतच ओट्यावर टेकले. रागावले असते तर बरं, असं वाटलं. मग हसायला लागले.
"शंभर दाण्यांना बादलीत पवायला शिकिवलाव की, बाई!"
आजीही पदर तोंडाला लावून हसली. मी रडतेय की हसतेय, मलाच कळेना.
"अन् माल कुठं जातोय! ही बया शाळा सुटल्यापासनं पोत्यावर बसून हाय. टेंपोवाल्याला हात लावू दीना. का म्हणून इचारलं तर बोलत न्हाई."
आत पोत्यांच्या थप्पीवर मंजुश्री बसली होती, पाय हलवत. माझ्याकडे बघेना. वाटलं, चौतीसचा आकडा पोरीच्या मनाला लागलाय. जवळ घेतलं. म्हटलं, आता तुझ्या बाबांसमोर नव्याने मांडू, कोरडे दाणे.
चहा झाल्याशिवाय आजीने सोडलं नाही. माझ्या चुकीला या घराने चहा पाजला!

१७ एप्रिल
फळ्यावर सगळ्यात आधी माझी चूक लिहिली. मधल्या सुट्टीत मंजुश्रीने पिशवीतून एक जुनी गुंडाळी काढली. ओळींत मांडलेले, सुकत आलेले मोड. मोजले. शंभरातले त्र्याऐंशी.
"कधी मांडलंस हे?"
"तुमी बादलीत घातले त्याच दिवशी, घरी, गुपचूप. आज्जी कोरडंच मांडती."
"मग बोलली का नाहीस गं?"
"तुमी लई खुशीत होता, बाई."