निरोगी म्हणून दिलेलं रक्त

ती. आईस नमस्कार.

१. सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत दमेकऱ्यांच्या रक्ताशी तुलनेसाठी निरोगी रक्त कमी पडलं, म्हणून मी माझं दिलं.

२. त्यात घरातली धूळ मिसळताच एका जातीच्या पेशींनी दुसऱ्या पेशींना चिथावलं, जसं दमेकऱ्यांच्या रक्तात होतं.

३. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं. श्वासनलिकांना सूज आहे. दमाच आहे.

सर म्हणाले, "निरोगी म्हणून तुला घेतलं, बाई, आणि तूच पेशंट निघालीस!" सगळ्यांबरोबर मीही हसले. औषध चालू आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

धाप लागत नाही म्हणून धाकटीनं दम्याचा रोजचा पंप सोडला, असं तू लिहिलंस. मलाही धाप लागत नव्हती.

पत्र मिळताच तिला पंप पुन्हा घ्यायला लाव. घेतला की नाही, ते वीस तारखेपर्यंत कळव.

तुझी,
थोरली