लेकीची वेगळी फाइल

१० जून
मोझरीहून अकोल्याले आली. नात अपेक्षाचं जठारपेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वर्गाची अर्धी वाट चढूनच झाली म्हणा. तिनं कॉम्प्युटर समोर ठेवला. म्हणे, आजी, तू बोल, हा लिहीन. मले अक्षर येत नाही, त्याले स्वयंपाक येत नाही. जोडा बरा जमला.

१२ जून
आठवन ते बोलत गेली. पाटवडीची फाइल झाली, शेताची झाली. लेक पंचफुलाची मी वेगळी करायले लावली. आमच्यात लेकीचा वाटा वेगळाच काढतेत. माझ्यामागं मोझरीचं घर पंचफुलाचं, तिले दुसरा आसरा नाही, हे त्यात ठासून बोलली. अपेक्षा म्हणे, एकेका फाइलले तिचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कशी वाचाची ते, सांगा लागते, नाही तर अक्षरांचे चौकोन होतेत. म्हटलं, सुनांचंही तसंच वं. एकीले सांगितलेलं दुसरीले चालत नाही.

१५ जून
पाटवड्या थापता थापता हात थांबले. पुढं काय करतेत, आठवेना. जन्म गेला याच्यात! तिकडं अपेक्षा ओरडली, पाटवडीच्या फाइलीत नुसते चौकोन. तिनं एन्कोडिंग नीट केलं अन् माझे हात चालू लागले. आमी दोघी हसलो. मग तिनं मुद्दाम ते पुन्हा बिघडवलं. माझ्या हातातून थाळी पडली. या खेपेले ती हसली नाही. मले पाहतच राहिली.

१९ जून
अपेक्षा बाजारात गेली म्हणून बोलून घेते. सकाळी ती फोनवर बापाले, म्हणजे माझ्या किसनले, सांगत होती — घराची अडचण मिटली. आजी बाकी जशीच्या तशी राहीन, एकच फाइल बिघडवा लागते. याच पोरीले मी मांडीवर न्हाऊ घातलं. पंचफुलाले सांगा लागते. पण मले नंबर लावता येत नाही, तो अपेक्षाच लावते —

२० जून
पंचफुलाचं नाक आठवते. डोळे नाही.
अपेक्षानं चहा आणला. लई गोड बोलते —

२१ जून
दारात बाई उभी हाये. माय, माय करून रडून राहिली. किसनही आला हाये, तो इचारते, ओळखते का हिले? मले हो म्हणा लागते. घर हिचं हाये. हिचं नाव — पं — अपेक्षा, हात काढ त्या बटनावरून —

रडू नको वं बाई. कोणाची लेक तू? तुही माय तुले शोधत अस—