घरभाषेची वही

नळदुर्ग, मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

ती. रेवणप्पा दाजींना नंदीशचा नमस्कार.

चार महिने पत्र नाही, माफ करा. (पाच झाले. आत्ताच डायरी पाहिली.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच हसता आणि माझा मुद्दा राहून जातो. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काला सांगा, तिनं पाठवलेली शेंगाचटणी संपली. तुमच्या सासूबाई, म्हणजे आमची अव्वा, आता ठीक आहे. मधे चार दिवस ती बोलत नव्हती, त्याचंच हे पत्र.

तुम्ही शाळेच्या कमिटीवर आहात म्हणून आमच्या करिश्माला हायवेवरच्या त्या फ्रेंच-इंग्रजी बालशाळेत प्रवेश मिळाला, हे मी विसरलेलो नाही. सकाळी फ्रेंच, डबा खाल्ल्यावर इंग्रजी. पोरगी खूश आहे. अडचण वहीची आहे. शाळेनं प्रत्येक घराला एक 'घरभाषा वही' दिली. पोरीसमोर दिवसभर याच दोन भाषा बोललो, अशी पालकांनी रोज खूण करायची. बाकीचे पालक महिन्याच्या खुणा एका बैठकीत करून टाकतात, हे मला नंतर कळलं. मी बावीस वर्षं डायरी लिहिणारा माणूस. तिच्यात माझं वजन सोडून काही खोटं लिहिलेलं नाही. तेव्हा घडलं ते लिहीत गेलो. 'सकाळी सात : अव्वानं पोरीसमोर म्हशीला कानडीत हाक मारली. म्हशीला फ्रेंच कळत नाही.' 'साडेसात : बायकोनं मला मराठीत आळशी म्हटलं. कारण योग्य होतं.' 'संध्याकाळ : मी पोरीला मराठीत गोष्ट सांगितली. आधी इंग्रजीत सांगून पाहिली, पण त्यातला कोल्हा फारच सभ्य वाटायला लागला.'

लाल पेनानं शेरा आला : आजीनं मुलीसमोर शक्यतो बोलू नये. तो मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. तेवढी माझी चूक, मान्य. अव्वा बोलायची थांबली. मीठ हवं असलं की बोट दाखवायची. म्हशीलासुद्धा नुसती थाप. (त्या दिवसांत मी वहीत बिनचूक खुणा केल्या, त्याची अजून लाज वाटते.) चौथ्या दिवशी करिश्मानं ताट सरकवलं आणि विचारलं, "अज्जी माझ्यावर रुसली का?"

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. "मी बोलल्यानं पोरीचं वाटोळं हुतंय म्हनं. तूच वाचून दाखवलंस न्हवं?"

त्या दिवशीची नोंद दोन पानं झाली. लिहिलं, की या घरात अव्वाची कानडी, आमची मराठी आणि शाळेच्या दोन्ही चालतील. पाच वर्षांच्या पोरीला चारांचं ओझं होत नाही, मला मात्र या वहीचं होतंय. मोठ्या बाईंनी बोलावलं. बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नंदीशराव, नुसती टिक करा हो. कोण बघायला येतंय तुमच्या घरी?"

मी म्हटलं, "मी असतो की घरी."

मग पोरीचं नाव शाळेतून काढायचा विषय कमिटीपुढं जाईल, म्हणाल्या. जाऊ द्या म्हटलं. हा निव्वळ हट्ट तर नाही ना, अशी शंका आली, म्हणून दोन दिवस स्वतःला तपासलं. हट्टच आहे. पोरीची शाळा माझ्या हट्टापायी जाईल, ही भीतीही आहे. तरी कोणी सांगतं म्हणून मी एकही नोंद बदलणार नाही, आणि अव्वा पोरीशी कानडीतच बोलेल.

तुम्ही कमिटीत माझ्यासाठी शब्द टाकू नका.

तुमचा मेहुणा,
नंदीश

ता. क. टाकणारच असाल तर बैठक सोमवारी अकराला आहे.

दुसरा ता. क. करिश्मानं अव्वाला फ्रेंच 'बोंजूर' शिकवलं. आज सकाळी अव्वानं ते म्हशीला म्हटलं. म्हैस वळली, आणि दूधही रोजच्याएवढंच दिलं.

उद्याचं काम : वहीतली म्हशीबद्दलची नोंद दुरुस्त करणे.