उतारावरची गाडी

३ जून
निर्णय पक्का. गाडी घ्यायची आणि जुनीच घ्यायची. नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडली की तिची किंमत घसरते, हे साऱ्या जगाला कळतं. फक्त माझ्या साडूला कळत नाही. त्याने परवाच नवीकोरी घेतली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, बसलं की चुरचुरतं. मी काही बोललो नाही. म्हणजे एकदाच बोललो.

१५ जुलैला लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. तिला शब्द दिलाय: बस नाही, टॅक्सी नाही, साडूचे उपकार तर नाहीतच. बाप स्वतः सोडणार. लहानपणी शाळेत सोडायला कधी वेळच मिळाला नाही.

९ जून
मिळाली! एजंट म्हणाला, एका डॉक्टरीणबाईंची, फक्त क्लिनिकला जायला वापरायच्या. हिने विचारलं, मेकॅनिकला दाखवली का? मी म्हटलं, मला माणसाची पारख आहे. एजंटने दोनदा चहा पाजला. लबाड माणूस दुसरा चहा पाजत नाही.

१२ जून, सकाळी
चावी फिरवली, गाडी ढिम्म. मेकॅनिक म्हणतो स्टार्टर गेलाय, बदला. यांना नुसते पार्ट खपवायचे असतात! मी तोडगा काढला. पाण्याच्या टाकीपाशी मस्त उतार आहे. गाडी तिथेच लावायची. ब्रेक सोडायचा, सेकंड गिअर, क्लच सोडला की सुरू! स्टार्टर हे कंपन्यांनी लावलेलं व्यसन आहे.

२० जून
ऑफिसपेक्षा टाकी लांब पडते. हरकत नाही. चालून चालून पोट कमी झालंय. नव्या गाडीवाल्यांची पोटं बघा. साडूचं बघा.

२ जुलै
उतारावर कुणीतरी टेम्पो लावून ठेवला, म्हणून गाडी सपाटीवरून ढकलावी लागली. शेजारचे हेडमास्तर, इस्त्रीवाला, जिमला निघालेली दोन पोरं, सगळे धावून आले. नव्या गाडीने कधी माणसं जोडली जातात का?

लेकीने विचारलं, बाबा, हॉस्टेलपाशी उतार आहे का? मी म्हटलं, उतार कुठे नसतो! नंतर गुपचूप नकाशा पाहिला. नकाशात उतार दाखवत नाहीत.

१० जुलै
ही म्हणाली, साडूंना बरोबर येऊ दे. मी साफ नाही म्हटलं. मग म्हणाली, गादी आणि बादली आपल्या गाडीत मावणार नाहीत. ते खरं होतं. सामानापुरती परवानगी दिली. संकल्प: वाटेत गाडी अजिबात बंद करायची नाही.

१५ जुलै, संध्याकाळी
निघालो झोकात. लेक शेजारी, ही मागे, साडू सामान घेऊन पाठीमागून. अर्ध्या वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी काही संपेना. पेट्रोल फुकट जळताना मला ऐकवत नाही. हात आपोआप चावीकडे गेला. बंद केल्यावर लेकीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा आठवलं.

फाटक उघडलं. रस्ता पोळपाटासारखा सपाट. मागे हॉर्नचा गोंधळ. अनोळखी लोकांनी ढकलून पाहिलं. गाडी हलली, पण सुरू होईना. साडूने डिकीतून दोर काढला. नवा दोर, लेबलासकट. कधी घेतलास म्हणून विचारलं. म्हणाला, तुम्ही गाडी घेतलीत त्याच दिवशी.

ही त्याच्या गाडीत जाऊन बसली. लेकीलाही बोलावलं. ती म्हणाली, मी बाबांबरोबर. मी डोळे पुसले. खिडकी उघडतच नाही, त्यामुळे डोळ्यांत धूळ गेली असं म्हणायचीही सोय नव्हती. दोर ढिला पडला की ती मला सांगायची आणि मी हळूच ब्रेक मारायचो. इतक्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या. हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनने विचारलं, किती गाड्या? साडू म्हणाला, दीड.

१६ जुलै
शांतपणे विचार केला. सगळा रस्ता स्टिअरिंग माझ्याच हातात होतं. म्हणजे मीच सोडलं. वर फाटकापासून पुढे पेट्रोल शून्य. असं मायलेज कुठली नवी गाडी देते?

गाडी तिकडच्या गॅरेजमध्ये ठेवली. येताना साडूच्या गाडीत बसलो. सीट फार सुखाची आहे. हे त्याला सांगितलेलं नाही.

आत्ताच लेकीचा मेसेज आला: बाबा, पहिल्या सुट्टीत मला घ्यायला तुम्हीच यायचं. येताना काकांना विसरू नका.