बिनदाण्याची संक्रांत

अहमदनगर, दवाखाना
ता. ३ जानेवारी १९७२

चि. लंकास वहिनीचे अनेक आशीर्वाद. आत्याबाईंना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग.

तुझे दादा चांगुणाला राहात्याला तुमच्याकडे सोडून राहुरीला कामावर हजर झाले आणि काल रविवारी इथे येऊन गेले. पोर मागे लागली का म्हणून विचारलं, तर म्हणाले नाही. तिने वळून पाहिलं का, तर म्हणाले, मीच पाहिलं नाही. एवढ्यावर मी आठवडा काढायचा.

माझं म्हणशील तर रक्ताचा दाब उतरत नाही, पायांवर सूज आहे. बाळंत होईपर्यंत खाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. शेजारच्या खाटेवर वांबोरीची एक बाई आहे, ती दिवसभर झोपते. मला डोळा लागत नाही. चार वर्षांत चांगुणाला सोडून मी एक दिवस राहिलेली नाही.

आता नीट वाच. ती दीड वर्षाची असताना चिक्कीचा तुकडा खाऊन अंगभर गांधी उठल्या, तेव्हा तुम्ही दृष्ट काढलीत. दुसऱ्या खेपेला भरल्या वांग्याचा नुसता रस्सा भाकरीला लावला होता, तर छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, याला ॲलर्जी म्हणतात. आपल्याला जो शेंगदाणा अन्न आहे, तो तिच्या अंगाला विखार वाटतो. म्हणून कूट नाही, चटणी नाही, खिचडी नाही, शेंगतेलसुद्धा नाही. करडईच्या तेलाचा डबा दादांबरोबर दिलाय, तिचं कालवण त्यातच करा. पाट्यावर चटणी वाटली असेल तर धुतल्याशिवाय तिचं काही वाटू नका. कुणी खाऊ दिला तर तो तिच्या तोंडापर्यंत जाता कामा नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची डबी तुझ्यापाशी ठेव. ओठ सुजले तर अर्धी गोळी पाण्यातून दे, आणि श्वास लागला तर गोळीची वाट न बघता उचलून डॉक्टरकडे ने.

आत्याबाईंना हे तूच समजावून सांग. मी सांगितलं की त्यांना वाटतं, मी त्यांच्या हातच्या जेवणाला नावं ठेवते. कोपरगावचे पाहुणे तुला बघायला कधी येणार तेही लिही. नवरा मुलगा कान हलवून बोलतो असं दादा सांगत होते, खरं का?

पत्राची वाट बघायला लावू नको.

तुझी वहिनी,
पुष्पावती


राहाता
ता. ६ जानेवारी १९७२

ती. सौ. वहिनीस लंकाचा शि. सा. नमस्कार. इकडे सगळी खुशाली आहे, तुमची रोज कळावी असं वाटतं.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या चार पिढ्या दाण्यावर वाढल्या, कुनाला काय झालं न्हाई, हिलाच कसं हुतंय. एवढं बोलली आणि उठून राखेनं पाटा घासायला बसली. एकदा नाही, तीनदा. घासताना तोंड चालूच होतं, मी ऐकलं नाही असं दाखवलं. आता चांगुणाच्या रश्शाला सुकं खोबरं आणि भाजलेलं बेसन लावते. मीही तोच रस्सा खाते, बरा लागतो. आई मात्र खात नाही. म्हणते, बिनकुटाचं कालवण म्हंजे आजाऱ्याचं पथ्य.

तुमची लेक आली त्या दिवशी दारातून हलली नाही. दुसऱ्या दिवशी आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आली की मला दाना चालत न्हाई, मी सुजते. जणू काही शाळेत पहिला नंबर आलाय. शेजारच्या आक्काबाई हसून म्हणाल्या, दाण्यानं कुनी सुजतं का, लाडानं सुजत असंल. आईनं त्यांच्यासमोर हसून घेतलं, पण घरी आल्यावर भांडी आपटत होती. आळीत कुणी हसलेलं तिला सोसत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

संध्याकाळ झाली की चांगुणा विचारते, आईला खाटंला बांधलंय का. मी सांगितलं, नाही, डॉक्टरांनी शपथ घातलीय. रात्री आमच्या आईच्या निऱ्या मुठीत धरून झोपते, सोडवायला गेलं की जागी होते. म्हणून आईही रात्रभर एका कुशीवर.

कोपरगावचे संक्रांतीनंतर येणार आहेत. कान हलतात की नाही ते बघून कळवीन. आणि वहिनी, खाटेवर पडून एवढी लांब पत्रं लिहिता हे डॉक्टरांना कळलं तर ते आधी तुमची दौत उचलून नेतील.

तुमच्या मनात माझी जागा आहे तेवढी असू द्या.

तुमची,
लंका


अहमदनगर
ता. १० जानेवारी १९७२

चि. लंकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली आहे. निऱ्यांचं वाचून रडू आलं आणि बरंही वाटलं.

पण संक्रांत चार दिवसांवर आली, आणि माझं मन थाऱ्यावर नाही. घराघरातून वाण यायचं, प्रत्येक वाटीत तिळाबरोबर दाणे. लहान पोराच्या हातावर तिळगूळ ठेवताना कोण विचारतंय? तू एक कर. घरचा तिळगूळ करायच्या आधी, धुतलेल्या कढईत, नुसत्या तीळ-गुळाच्या वड्या तिच्यासाठी करून वेगळ्या डब्यात ठेव. त्या दिवशी तिला कडेवरून खाली उतरवू नको. बायका हसल्या तर हसू देत.

नर्सबाई म्हणतात, तुम्ही काळजी करता म्हणून दाब चढतो. मी त्यांना विचारलं, काळजी न करण्याची गोळी आहे का. नाही म्हणाल्या.

संक्रांत झाली की त्याच दिवशी दोन ओळी टाक.

तुझी वहिनी


राहाता
ता. १७ जानेवारी १९७२

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

येथील सर्व खुशाल. संक्रांत चांगली झाली. चांगुणा मजेत आहे. काळजी नसावी. कोपरगावच्यांचं अजून काही कळलं नाही. आईचे आशीर्वाद. तब्येतीला जपावे.

लंका


अहमदनगर
ता. २० जानेवारी १९७२

लंका,

मायना लिहायला हात थांबत नाही, माफ कर.

तू कार्डावर सात वाक्यं लिहिलीस आणि त्यात चांगुणाचं एकही बोलणं नाही. ती काय म्हणाली, कुठे पडली, काय खाल्लं, काहीच नाही. 'मजेत आहे' असं तू कधी लिहितेस? त्या दिवशी पत्र टाकायचं, तर तीन दिवसांनी टाकलंस. दादांना दोन आठवड्यांत राहात्याला जायला सवड झालेली नाही, त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

काहीतरी झालंय. काय ते मागाहून लिही, कुणी केलं तेही मागाहून. ती आहे ना, एवढं पहिल्या ओळीत लिही. मग पुढचं वाचायला मला बळ येईल.

पुढच्या गुरुवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी उठून एस.टी.त बसणार आहे. डॉक्टरांना सांगणार नाही.

पुष्पावती


राहाता
ता. २४ जानेवारी १९७२

सौ. पुष्पाला छबूबाईचा आशीर्वाद.

आदी हे वाच. पोर हाय. बरी हाय. आत्ता पोस्टात माझ्यापाशी बसून शिक्का मारायचा बघती हाय.

हे पत्र पोस्टातल्या गोरक्षनाथ मास्तरांकडून लिवून घेते. लंकाला सांगितलं असतं तर ती मदीच रडाया लागली असती. मास्तर म्हनले, शुद्ध करून लिवतो. मी म्हनलं, न्हाई, मी बोलते तसंच लिवा, न्हाईतर पुष्पाला वाटंल दुसरंच कुनी बोलतंय.

संक्रांतीला लंकानं पोरीच्या वड्या येगळ्या केल्या हुत्या. सकाळधरनं पोर कडंवर घेऊन फिरली. दुपारी लंका हळदीकुकवाला गेली, तिथं लई बायका जमनार म्हनून पोर माझ्यापाशी ठेवली. मी माझ्या वाटीतली वडी खात हुते. पोर म्हनली, आजी, तुजी येगळी का? आन मनात आलं, एवढुशा दाण्यानं काय हुतंय. त्या डॉक्टरानं पुष्पाच्या डोक्यात भरवलंय. पंधरा दीस मी पाटा घासून हात सोलून घेतले, आळीतल्या बाया हसत्यात. एकदा खाऊन काय झालं न्हाई म्हंजे समद्यांचा घोर मिटंल.

पुष्पा, पोरीच्या मायेनं दिलं आन तुला खोटं पाडाया बी दिलं. त्यात माया किती आन दुसरं किती, मला सांगता यायचं न्हाई. नखाएवढा तुकडा हुता.

तो गिळला न्हाई तवर पोर गप झाली. व्हट खाजवाया लागली. कान लाल झालं, डोळं सुजून फटीवानी झालं. म्हनली, आजी, घशात कुसळ टोचतंय. मग तिचा आवाजच ग्येला. गोळ्यांची डबी लंकाच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली लंकाच्या कमरंला. मी पोर उचलली आन पळाले. पायात चप्पल न्हाई, डोईवर पदर न्हाई. बाजारातनं गेले, समदी बघत राहिली. डॉक्टर जेवाया बसले हुते, ताटावरून उठले. सुई टोचली तवा पोर रडली बी न्हाई. रडाया वारा लागतो, तो तिच्यात नव्हता. लई येळानं रडली. तसलं ग्वाड रडनं मी जन्मात ऐकलं न्हाई.

आता ह्याच्याहून वाईट सांगते. डॉक्टरांनी इचारलं, काय खाल्लं. मी म्हनलं, आक्काबाईच्या नातीनं तिळगूळ भरवला. लंकाला बी तेच सांगितलं, आन तुला कळवू नको म्हनलं, पुष्पाला तरास हुईल. लंका जाऊन आक्काबाईशी भांडली. आक्काबाईनं नातीला मारलं. पाच वर्साची पोर. तिचं रडनं भिंतीपलीकडनं ऐकू येत हुतं आन मी चुलीपुढं बसून राहिले.

परवा तुझं पत्र आलं. लंकानं वाचलं, ती आहे ना, एवढं पहिल्या ओळीत लिही. त्या रातीला मी जेवले न्हाई. सकाळी उठून आक्काबाईच्या दारात गेले आन तिच्या नातीम्होरं खरं सांगितलं. आक्काबाईनं दार लावलं न्हाई, पर बस बी म्हनली न्हाई. मग लंकाला सांगितलं. ती कालधरनं माझ्याशी बोलत न्हाई.

माझ्या लेकाला, कानिफनाथाला धाड, पोरीला घिऊन जाऊ दे. माझा सबूद निघायचा न्हाई. पर तू खाटंवरनं उठू नको, तुला तुझ्या लेकरांची आन हाय.

म्हातारीला मनातनं काढू नको, एवढंच मागते.

छबूबाई, निशानी अंगठा

(बाईंनी सांगितले तसे लिहिले. मुलगी माझ्यासमोर आहे व मला दाणे चालत नाहीत असे तिने मला दोनदा बजावले. — गोरक्षनाथ)


अहमदनगर
ता. ३१ जानेवारी १९७२

ती. आत्याबाईंना पुष्पावतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

लंका हे वाचून दाखवेल. लंका, मध्ये थांबायचं नाही, जसं आहे तसं वाच.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. त्याच दिवशी दुपारी पोटात कळा सुरू झाल्या आणि शुक्रवारी पहाटे तुम्हाला दुसरी नात झाली. दोघी सुखरूप आहोत. दाब उतरला. बाळ तुमच्यावर गेलंय, कपाळ तुमचं आहे.

मी रागावले नाही असं लिहिणार नाही. कळा येत होत्या तेव्हा नर्सबाईंना वाटलं मी दुखण्याने ओरडतेय; मी तुम्हाला बोलत होते. काय काय बोलले ते सांगत नाही. मी तुमच्या पाया पडते तशी आताही पडेन, पण नखाएवढा तुकडा हे शब्द मला अजून गिळता आलेले नाहीत. कधी येतील ते माहीत नाही. आक्काबाईंच्या नातीला जवळ घेऊन तिची समजूत तुम्ही स्वतः काढा, दारात उभं राहून नाही.

तुझे दादा, लंका, कालच येऊन गेले. पत्र वाचून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, उद्याच जाऊन चांगुणाला राहुरीला आणतो, शेजारच्या बाई दिवसभर सांभाळतील, दीड महिन्याने डॉक्टरांनी सोडलं की तू घरी येशीलच. रात्रभर मी विचार केला. शेजारच्या बाई भल्या आहेत. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगेन, त्या मान हलवतील, पाटाही धुतील. आणि एक दिवस पोर हट्टाला पेटली की त्यांच्याही मनात येईल, एवढ्याशाने काय होतंय.

तुमच्या मनात आता ते येणार नाही.

मी चांगुणाच्या वडिलांना नको म्हणून सांगितलं. मी राहुरीला जाईपर्यंत पोर तुमच्यापाशीच राहील. गोळ्यांची डबी लंकाकडून घेऊन तुम्ही तुमच्या कमरेला बांधा. कुलूप नको. बारसं इथे दवाखान्यातच होईल, तेव्हा तिला घेऊन या, एस.टी.त खिडकीपाशी बसवा आणि कुणी काही खायला दिलं तर काय करायचं ते मी लिहीत नाही.

लेकरांवर आहे तशी माया माझ्यावरही असू द्यावी, मला ती अजून हवी आहे.

आपली,
पुष्पावती