सतराने भाग

रविवार, सायंकाळ, मूर्तिजापूर

३३१, ३३३१, ३३३३१, सगळ्या मूळ संख्या. मग ३३,३३,३३,३३१ सुद्धा मूळच असणार, असं वर्गात छातीठोक सांगत आलो. निवृत्त झाल्यावर ते सिद्ध करायला बसलो, तर सुमनही सोबत बसली. लहान संख्यांचा भाग मी तोंडी करून पाहिला, तू तेवीसपासून धर, असं मीच बायकोला सांगितलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सहा वर्षं ती भागाकार करत राहिली. शेवटी दवाखान्यातसुद्धा, जाईपर्यंत.

आज तिवस्याहून आलेल्या भाचीने मोबाईलवर आकडा टाकला.

"मामा, याले तर सतराने भाग जाते."

हाताने करून पाहिलं. तीनदा. बाकी शून्य.

सतरा! तोंडी केला होता म्हणे. चुकलो, की केलाच नव्हता? कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. तिची एकही बाकी चुकलेली नाही. आणि एकही कामाची नाही.

एकदा तिने विचारलं होतं, "सतरा पाह्यला ना तुमी?"

"मले शिकवून राहिली काय?" मी खेकसलो.

तिने पेन्सिलीला टोक केलं आणि पुढचा भागाकार मांडला.